मदत हवी आहे: बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षातून 'सी' काढावी का?

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात गेली सहा वर्षं मी तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर सायन्स शिकवते. कॉलेज स्वायत्त आहे आणि नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम पुन्हा बसवायचं काम चालू आहे. पहिल्या सत्रातली सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा काढून पायथन ही भाषा आणायची आणि सी पुढेही कुठे ठेवायची नाही, असा प्रस्ताव आलाय. विभागप्रमुखांनी मला दोन पानी टिपण मागितलंय. "तुम्हीच शिकवता, तुम्हीच लिहा," म्हणाले. अभ्यास मंडळाच्या बैठकीला पंधरा दिवस आहेत. दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं, कारण दोन्ही बाजू मला पटतात.

त्याला कारण आमचा तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा. मागच्या महिन्यात तो लॅबमध्ये पायथनमध्ये फुली-गोळा करत होता. डावीकडच्या वरच्या घरात फुली टाकली की त्या उभ्या रांगेतल्या तिन्ही घरांत फुली यायची आणि पहिल्याच चालीला 'फुली जिंकली' असं स्क्रीनवर यायचं. कोण जिंकलं ते तपासणारं फंक्शन तो दोन दिवस उलटसुलट करत बसला होता. चूक तिथे नव्हतीच. त्याने तीन रिकाम्या घरांची एक लिस्ट केली होती आणि तिलाच तीनने गुणून पट बनवला होता. अशा वेळी पायथन तीन वेगळ्या ओळी बनवत नाही, एकाच ओळीचा मेमरीतला पत्ता तीनदा ठेवते. मी त्याच्या वहीच्या मागच्या पानावर एक ओळ काढली आणि तिच्याकडे येणारे तीन बाण काढले. तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, हे तर पॉइंटरच आहेत की!" (पॉइंटर म्हणजे सीमधला, मेमरीतला पत्ता साठवणारा चल.)

हे ऐकून आनंद झाला, पण घरी जाताना बसमध्ये दुसरंच डोक्यात आलं. याच मुलाला पहिल्या वर्षी सीमध्ये शंभरपैकी ७८ गुण मीच दिले होते. पॉइंटरची व्याख्या, दोन संख्यांची अदलाबदल, सगळं त्याने बिनचूक लिहिलं होतं. तरी दोन दिवस त्याला ते आठवलं नाही. मग त्या सत्रात मी त्याला नेमकं काय शिकवलं?

मला स्वतःला हे कळलं ते सीमुळे नाही. अकरावी-बारावीला मी कॉम्प्युटर सायन्स घेतलं होतं, त्यात ८०८५ मायक्रोप्रोसेसर होता. लॅबमध्ये लाल आकड्यांचं किट असायचं. आम्ही वहीवर लिहून आणलेले कोड एकेक बटण दाबून भरायचो: ३ई, ०५, ०६, ०३, ८०, ७६. म्हणजे ए रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात) पाच ठेव, बी मध्ये तीन ठेव, दोन्हींची बेरीज कर, थांब. शेवटी ए उघडून बघितलं की ०८ दिसायचं. एकदा मी ०५ च्या आधीचा ३ई भरायला विसरले. मग मशीनने ०५ हाच हुकूम समजून घेतला आणि उत्तर भलतंच आलं. त्या दिवशी मला कळलं, की मेमरीत 'आकडा' आणि 'हुकूम' अशी काही वेगळी जात नसते. आपण मशीनला कुठून वाचायला लावतो, त्यावर सगळं ठरतं. हे ज्ञान मला आजपर्यंत पुरलंय.

दुसरी बाजूही सांगते. पहिल्या वर्षाला येणारी आमची निम्मी मुलं घरी कॉम्प्युटर नसलेली, मराठी माध्यमाची. पहिल्याच महिन्यात 'सेगमेंटेशन फॉल्ट' (प्रोग्रॅमने आपली नसलेली मेमरी वापरली) एवढंच लिहून आलं, की चांगली मुलंसुद्धा हा विषय आपल्यासाठी नाही असं ठरवून टाकतात. पुढची दोन वर्षं ती मान खाली घालून बसलेली असतात. पायथनमध्ये तीच मुलं दुसऱ्या आठवड्यात भिशीचा हिशोब करून दाखवतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

माझे प्रश्न:
१. खालच्या पातळीची, म्हणजे सीसारखी मशीनच्या जवळची भाषा न शिकता मुलगा तीन वर्षांत चांगला प्रोग्रॅमर होऊ शकतो का? जे नोकरी करतात त्यांनी रोजच्या कामातलं सांगा.
२. सी ठेवायचीच तर ३० तास थिअरी आणि ६० तास प्रॅक्टिकल यांत काय शिकवावं आणि काय सोडावं?
३. सीऐवजी रस्ट ही भाषा घ्यावी, असं एका सहकाऱ्याचं म्हणणं आहे. पहिल्या-दुसऱ्या वर्षाला झेपेल का?

प्रतिसाद १

ताई, मी पुण्यात गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे. ब्रेक, इंजिन, एअरबॅग यांच्या कंट्रोलरमध्ये आजही मुख्यतः सीच चालते, तीही 'मिस्रा सी' या सुरक्षित सी लिहिण्याच्या नियमांत बांधलेली. हे नियम १९९८ मध्ये पहिल्यांदा आले ते मोटारगाड्यांसाठीच. आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्या मुलांना मी एकच विचारतो: फंक्शनच्या आत घेतलेल्या ॲरेचा (सलग ठेवलेल्या संख्यांचा) पत्ता बाहेर परत दिला तर काय होईल? दहातली दोन-तीन मुलं स्टॅकचं, म्हणजे फंक्शन संपलं की मोकळ्या होणाऱ्या मेमरीचं चित्र काढतात. बाकीच्यांनाही सीमध्ये चांगले गुण असतात, म्हणजे तुमच्या त्या विद्यार्थ्यासारखंच.

सी काढू नका. पण फळ्यावर शिकवू नका, आर्डुइनो उनो (आर३) हा छोटा सर्किट बोर्ड घ्या. त्यात रॅम २ केबी, म्हणजे २०४८ बाइट्स. चार बाइट्सच्या ६०० संख्यांचा ॲरे घेतला की संपलं, मावतच नाही. मेमरी ही मोजकी वस्तू आहे, हे मुलांना हाताने कळतं. आणि ज्यांना यात गोडी लागेल त्यांना पुढे सीडॅक या सरकारी संस्थेच्या एम्बेडेड सिस्टिम डिझाइनच्या (यंत्रांच्या आतल्या संगणकांच्या) पदव्युत्तर पदविकेबद्दल सांगा. तालुक्याच्या मुलांना ती वाट माहीतच नसते.

प्रतिसाद २

मी नाशिकला वेब डेव्हलपर आहे, नऊ वर्षं झाली. कामासाठी सीची एक ओळ लिहिलेली नाही आणि माझं घर त्यावर चाललंय. तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर 'हो' आहे.

मी स्वतः पहिल्या वर्षी सीमध्ये नापास झाले होते. घरी सांगायची हिंमत नव्हती. शेजारच्या दादाने जावास्क्रिप्ट दाखवलं नसतं तर शिक्षण सोडलं असतं. म्हणून पहिल्या सत्रात सी नकोच, हे टिपणात ठामपणे लिहा.

मात्र एक प्रामाणिकपणे सांगते. तीन वर्षांपूर्वी आमचा सर्व्हर दर दोन दिवसांनी मेमरी भरून बंद पडायचा. एका यादीत जुन्या विनंत्या साठत होत्या आणि त्यांचा संदर्भ कुणी सोडत नव्हतं. जावास्क्रिप्टमध्ये मेमरी आपोआप मोकळी होते एवढंच मला माहीत होतं, 'कधी होत नाही' हे माहीत नव्हतं. ज्या सहकाऱ्याने ते अर्ध्या तासात शोधलं तो सीतून आलेला होता. त्यानंतर मी रात्री बसून स्टॅक आणि हीप हे मेमरीचे दोन भाग शिकले. तेव्हा घाबरायला झालं नाही, कारण आपल्याला प्रोग्रॅमिंग येतं हे तोवर माहीत झालेलं होतं.

प्रतिसाद ३

लॅबमध्ये अजून टर्बो सी हा जुना कंपायलर असेल तर आधी ते काढा. ते १६ बिटांचं. त्यात इंट (पूर्णांक) दोन बाइट्सचा, ३२७६७ मध्ये एक मिळवला की उणे ३२७६८. मुलं तेच पाठ करतात आणि आजच्या मशीनवर गोंधळतात. लिनक्स आणि जीसीसी कंपायलर टाका, सगळ्या वॉर्निंग चालू ठेवा, आणि ॲड्रेस सॅनिटायझर लावून कंपाइल करायला लावा. मग नुसतं 'सेगमेंटेशन फॉल्ट' येत नाही, कितव्या ओळीत ॲरेच्या बाहेर गेलात ते छापून येतं. तुम्ही म्हणता ती भीती निम्मी तिथेच जाईल.

जर्नलमध्ये 'गेट्स' फंक्शन आहे का तेही बघा; किती अक्षरं आली हे न तपासता ते वाचत जातं. १९८८ मध्ये मॉरिस वर्म हा घातक प्रोग्रॅम इंटरनेटवर ज्या वाटांनी पसरला त्यांतली ती एक. सीच्या २०११ च्या मानकातून ते काढूनच टाकलंय.

प्रतिसाद ४

रस्टबद्दल: मी सुरक्षेच्या क्षेत्रात काम करतो आणि रस्ट मला मनापासून आवडते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं, की त्यांच्या उत्पादनांत दरवर्षी सापडणाऱ्या सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या चुकांमुळे असतात. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१ पासून कर्नलमध्येही (लिनक्सच्या गाभ्यात) रस्टला जागा मिळाली. तरी पहिल्या वर्षाला मी ती देणार नाही. एखाद्या गोष्टीचा मालक कोण, ती उसनी कोणी घेतली, यावर रस्टचा कंपायलर अडून बसतो. तो कुठल्या अपघातापासून वाचवतोय हे माहीत नसेल तर मुलांना तो नुसता त्रासच वाटतो.

अपघात दाखवायचा तर २०१४ ची हार्टब्लीड ही त्रुटी सांगा. 'तू जागा आहेस का' हे तपासायला एक संगणक दुसऱ्याला छोटा निरोप पाठवतो आणि निरोपाची लांबीही सांगतो; समोरच्याने तेवढंच परत पाठवायचं. इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरने ती लांबी पडताळलीच नाही. एक अक्षर पाठवून '६४ केबी आहे' म्हटलं तर सर्व्हर त्या अक्षराच्या पुढची स्वतःची मेमरी उचलून द्यायचा, त्यात पासवर्ड असोत की गुप्त किल्ल्या. दोन मुलांना समोर उभं करून चिठ्ठ्यांनी हे करून दाखवता येतं. नंतर 'लांबी आधी तपासा' हे वेगळं सांगावं लागत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. नाशिकच्या ताई, तुमचा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवला, तुम्हाला चालेल असं गृहीत धरून. मागच्या बाकावरच्या दोन मुली तास संपल्यावर थांबल्या होत्या.

टिपण काल दिलं. पहिल्या सत्राला पायथन. सी दुसऱ्या सत्राला, पण वेगळी. आधी फुली-गोळ्याची तीच चूक पायथनमध्ये मुद्दाम करायची, मग तोच पट सीमध्ये बनवून प्रत्येक घराचा पत्ता छापायचा. लूप, इफ-एल्स यांवर पुन्हा तास घालवायचे नाहीत. युनियन, मॅक्रोच्या करामती, फाइल हाताळणीचा अर्धा भाग काढला. तोंडी परीक्षेत व्याख्या विचारायची नाही, मुलाने स्वतःच्या प्रोग्रॅमचं मेमरीचं चित्र काढायचं. रस्ट तिसऱ्या वर्षाला ऐच्छिक म्हणून सुचवलीय.

शनिवारी एक प्रयोगही केला. पाच हजार बाय पाच हजारचा ॲरे, सगळ्या संख्यांची बेरीज. एकदा आडव्या ओळींनी, एकदा उभ्या रांगांनी. प्रोग्रॅम तोच, फक्त दोन लूपची अदलाबदल. उभ्याला कितीतरी पट वेळ लागला आणि वर्गात कुणाला खरंच वाटेना. प्रोसेसर मेमरीतून एकेक संख्या आणत नाही, ६४ बाइट्सचा गठ्ठा आणतो, म्हणजे चार बाइट्सच्या सोळा संख्या एकदम. उभं गेलं की सोळातली एक वापरून बाकीचा गठ्ठा वाया. फुली-गोळावाला मुलगा बाजूलाच बसला होता. त्यानेच उठून फळ्यावर हे समजावलं, मी खडू त्याच्याकडे दिला होता.

एक मदत अजून हवी आहे. लॅबच्या कपाटात ८०८५ ची दोन जुनी किट सापडली. एक चालू आहे. दुसऱ्याचे आकडे लागतात, पण आठवं बटण दाबलं की सगळे एकदम विझतात. पॉवर सप्लाय मोजला तर बरोबर ५ व्होल्ट येतोय. कीबोर्डचीच तार कुठे चिकटली असेल, की आणखी काही? कुणी दुरुस्त केलं असेल तर सांगा, दुसऱ्या सत्राआधी दोन्ही चालू करायची आहेत.