यिर्मया: सगळीकडे शिक्षाच आहे, मग आशा नक्की कुठून येते?

बोरिवलीची_वाचक:
आमच्या बायबल वाचनाच्या ग्रुपमध्ये यिर्मया (जुन्या करारातलं यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक) चालू आहे, मी २५ व्या अध्यायापर्यंत आलेय आणि खरं सांगते, जीव दडपतो वाचताना. मंदिर पडणार, नगर जळणार, बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा येणार, पानंच्या पानं हेच. पुढचं थोडं चाळलं तर ३१ मध्ये एकदम देव लोकांशी नवा करार करणार, अंतःकरणावर लिहिलेलं नियमशास्त्र! एकच माणूस हे दोन्ही बोललाय असं वाटतच नाही. आशेचा भाग नंतर कुणी जोडलाय का?

नगरचा_पास्टर:
ताई, थोडं जोडलेलं असू शकतं. जुन्या ग्रीक भाषांतरातला यिर्मया साधारण आठव्या हिश्श्याने लहान आहे आणि ३३:१४-२६ (अध्याय ३३, वचनं १४ ते २६) हा आशेचा भाग त्यात नाहीच. पण म्हणून सगळी आशा नंतरची ठरत नाही. ३२ वा अध्याय वाचाच. यरुशलेमला वेढा पडलाय, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो माझं अनाथोथचं शेत विकत घे. बाहेर सगळीकडे बाबेलचं सैन्य, कोण घेईल अशी जमीन? हा घेतो. १७ शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखताची सीलबंद प्रत आणि उघडी प्रत आपला लेखनिक बारूख याच्याकडून मातीच्या मडक्यात ठेवून घेतो, पुष्कळ दिवस टिकावी म्हणून. आणि मग प्रार्थनेत देवालाच विचारतो की नगर तर शत्रूच्या हाती चाललंय, मग शेत कशाला घ्यायला लावलंस? मला हे फार खरं वाटतं, व्यवहार पुरा केलाय आणि मन अजून तयार नाहीये.

सातारकर_८१:
यात हनन्या हा खोटा संदेष्टापण आलाच पाहिजे (अध्याय २८). तो सांगतो बाबेलला नेलेलं सगळं दोन वर्षांत परत मिळेल, आणि यिर्मया आधी म्हणतो आमेन, देव तसंच करो! त्यालाही तेच हवं होतं. पण ते खोटं होतं. २९ मध्ये तो बाबेलला नेलेल्यांना पत्र लिहितो, घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, परत यायला ७० वर्षं लागतील. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परत जायला मिळणार नाही. आपण २९:११ (तुम्हाला भविष्य आणि आशा देईन हे वचन) कॅलेंडरवर छापतो पण ७० वर्षांचं १० वं वचन सोडून देतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ती ७० वर्षं काढली तर ती आशा यिर्मयाची न राहता हनन्याची होते.

ठाण्याचा_बेने_इस्राएल:
शालोम. तुम्ही २५ पर्यंत आलात म्हणजे २५:१० वाचलं असेल, आनंदाचा आवाज आणि नवरा-नवरीचा आवाज मी बंद करीन. ७:३४ आणि १६:९ लाही तेच आहे. आता ३३:१०-११ बघा, ज्या ओसाड रस्त्यांबद्दल हे म्हटलं तिथेच तोच नवरा-नवरीचा आवाज पुन्हा ऐकू येईल असं वचन आहे. आमच्या ज्यू लग्नात सात आशीर्वाद म्हणतात, त्यातल्या शेवटच्यात हीच ओळ आहे. आणि तिशा बेआवच्या (मंदिर पडल्याच्या शोकाचा उपवासाचा दिवस) आधीच्या आठवड्यांत सिनेगॉगमध्ये (आमच्या प्रार्थनास्थळात) यिर्मयाचा पहिला-दुसरा अध्याय, म्हणजे दोषारोपच वाचतात. एकाच वर्षात आम्ही दोन्ही ऐकतो.

बोरिवलीची_वाचक:
२५:१० आणि ३३:११ आत्ता शेजारी शेजारी ठेवून वाचलं. पुढच्या बैठकीत २६ ऐवजी सरळ ३२ घेऊया असं ग्रुपला सांगते, मग मागे येऊ.