हेरपटांमुळे भाषांची गोडी लागते की भलत्याच कल्पना डोक्यात बसतात?

धागा सुरू करणारा:
आपल्या मातृभाषेची आपल्यावर किती पकड असते, हे हेरगिरीच्या आणि पलायनाच्या चित्रपटांइतकं थेट दुसरीकडे कुठे दिसत नाही. 'द ग्रेट एस्केप' (१९६३) घ्या. जर्मनांच्या कैदेतून निसटलेला मॅक्डोनाल्ड बसमध्ये चढतोय. कागद तपासून झालेत, सुटलाच म्हणायचा. तेवढ्यात तपासणारा अधिकारी इंग्रजीत म्हणतो, 'गुड लक', आणि हा वळून 'थँक यू' म्हणून बसतो. याच सापळ्यापासून त्यानेच आधी आपल्या सोबत्याला सावध केलेलं असतं! हा प्रसंग पाहिला आणि मी परकी भाषा शिकायला घेतली. म्हणून माझं मत: असे चित्रपट भाषांची गोडी लावतात. तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद १:
साफ असहमत. तुम्ही सांगितलात तो अपवाद. एरवी नायक एका वाक्यात भाषापंडित होतो. १९६७ च्या बाँडपटात तो केंब्रिजला पौर्वात्य भाषांत पहिल्या वर्गात पास झाल्याचं सांगतो, की झालं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकाला जपानी, चिनी, कोरियन किंवा अरबी कामापुरती यायला वर्गातले सुमारे २२०० तास लागतील असं धरते. ते २२०० तास पडद्यावर कधी दिसलेत? मग शिकणारा सहा महिन्यांत स्वतःला मठ्ठ समजून सोडून देतो.

आणि खरी हेरगिरी बरीचशी टेबलाशी बसून होते. १० सप्टेंबर २००१ ला अमेरिकी यंत्रणेने दोन अरबी संभाषणं पकडली होती, 'उद्या सामना सुरू' अशा अर्थाची. त्यांचं भाषांतर झालं १२ तारखेला. त्यात ११ तारखेच्या दहशतवादी हल्ल्याची जागा किंवा पद्धत नव्हती, हे मान्य. पण भाषा येणारी माणसं किती लागतात, ते यावरून कळतं. त्यांच्यावर चित्रपट कोण काढणार?

प्रतिसाद २:
तास मोजून भाषा शिकायची कशाला? मेंदूला होणारा फायदा बघा ना! हैदराबादला ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अभ्यास झाला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली. निरक्षर रुग्णांतही फरक दिसला, म्हणजे श्रेय नुसत्या शिक्षणाचं नाही.

प्रतिसाद १:
उशिरा दिसली, टळली नाहीत. शिवाय बहुभाषिकांची बुद्धी जास्त चपळ असते, या दाव्याला पुढे बरेच धक्के बसले. अनुकूल निष्कर्ष जास्त छापून येतात आणि प्रतिकूल मागे राहतात, हे २०१५ च्या एका तपासणीत दिसलं. औषध म्हणून भाषा शिकायला सांगू नका. नाही गुण आला तर माणूस भाषेलाच बोल लावेल.

प्रतिसाद ३:
मी जपानीची दुभाषी आहे, म्हणून राहवत नाही. तुम्ही सगळे बोलण्याबद्दलच बोलताय. चित्रपटही तेच करतात: हेराने समोरच्याला फसवण्यापुरतं बोलायचं. भाषेचा मोठा फायदा ऐकण्यात आहे.

एका बैठकीत आमच्या बाजूच्या साहेबांनी तारीख सुचवली. समोरच्यांनी दातांतून हवा ओढली, 'चोत्तो...' म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडलं. 'चोत्तो' म्हणजे शब्दशः 'जरासं'. साहेबांना वाटलं, जरासाच प्रश्न आहे. तो सरळ नकार होता. मी हळूच सांगितलं, तारीख बदलली आणि बोलणी पुढे गेली. हे अर्धं वाक्य ऐकू यायला मला कित्येक वर्षं लागली, त्यामुळे २२०० तासांचं म्हणणं शंभर टक्के खरं.

तरी धागा काढणाऱ्यांची बाजू मी सोडणार नाही. 'इनग्लोरियस बास्टर्ड्स' या चित्रपटात जर्मन बनून वावरणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याच्या जर्मन उच्चारांवर संशय येतो, तो कसाबसा निभावतो, आणि तीन ग्लास मागताना तर्जनीपासूनची तीन बोटं वर करतो. जर्मन माणूस अंगठ्यापासून मोजतो. तिथेच सगळं संपतं. मी विद्यार्थ्यांना हा प्रसंग दाखवते. दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून विचारतात, 'जपानी लोक बोटांवर कसं मोजतात?'

प्रतिसाद १:
असं शिकवत असाल तर दाखवा. बाँडबद्दलचं मत मात्र बदलत नाही.