कोरं घर आणि शून्य

दादा, नाथसागर (जायकवाडी धरणाचा जलाशय), येडशी आणि नायगाव या अभयारण्यांतल्या पक्ष्यांच्या सगळ्या नोंदी एकाच एक्सेलमध्ये आणायच्या, ही तुमची सूचना मनापासून पटली. पण आधी नावं जुळवू. नाथसागरच्या जुन्या वह्यांत एकाच पक्ष्याला कुणी वारकरी लिहिलंय, कुणी चांदवा. तशीच बेरीज केली तर एकाच्या दोन जाती होतील! शेजारी फुलिका अट्रा हे शास्त्रीय नाव हवंच. जागेसाठीही जिल्ह्याच्या नावावर विसंबू नका, उस्मानाबादचं धाराशिव झालंय. अक्षांश-रेखांश लिहा.

खरा घोळ तक्त्यातल्या कोऱ्या घरांचा. परवा एक वही उतरवताना चक्रवाकासमोर सलग तीन वर्षं काहीच नाही. पक्षी आले नाहीत, की मोजायला कुणी गेलंच नाही? आता कसं कळणार? गेलो आणि दिसला नाही तर ०. गेलोच नाही तर तसं शब्दांत लिहा. सोबत वेळ, माणसं किती होती आणि धरणाची पाणीपातळी. नाथसागर भरलेला असला की उथळ काठ बुडतात, चिखलात चरणारे पक्षी दुसरीकडे जातात. पातळी लिहिली नाही तर पुढचा माणूस ती पक्ष्यांची घट समजेल.

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून जानेवारीत होते, आपणही तोच महिना धरू. आणि मूळ वह्या टाकू नका, पानन् पान फोटो काढून ठेवा.