ऊन इथे, पाऊस तिकडे
फोनवर झायनला (अमेरिकेतल्या युटामधलं राष्ट्रीय उद्यान) ऊन दिसतंय, मग तिथल्या कॅन्यनमध्ये, म्हणजे अरुंद खोल घळीत, उतरायला हरकत काय, असं एकाने विचारलंय. हरकत ही, की पाणी तुमच्या डोक्यावरच्याच ढगातून येतं असं नाही. १२ ऑगस्ट १९९७ ला ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले. तिथे पाऊस नावालाच, कोसळला तो कित्येक मैल वरच्या अंगाला. म्हणून आधी नकाशावर पाणलोट क्षेत्र बघा, मग त्या सगळ्या पट्ट्याचं पावसाचं रडार. झायनसाठी अमेरिकेचं हवामान खातं लोंढ्याच्या शक्यतेचा रोजचा अंदाज देतं. त्यात 'प्रॉबेबल' (दाट शक्यता) दिसलं की मी तरी गाडी वळवतो. (२०१५ च्या सप्टेंबरात झायनमधल्याच कीहोल कॅन्यनमध्ये लोंढ्यात सात जणांचा जीव गेला.) कॅन्यनच्या आत असाल तर एकदा मान वर करा. भिंतींमध्ये उंचावर ओंडके अडकलेले दिसतात, मागच्या लोंढ्याने आणून ठेवलेले.