मदत हवी आहे: सांगलीत कृष्णाकाठी चालायला आणि सायकलला एकच वाट, पुरात टिकेल अशी कशी आखावी?

नमस्कार मंडळी,

आयर्विन पुलापासून हरिपूरच्या संगमापर्यंत नदीकाठाने चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी सलग वाट व्हावी, असं निवेदन आम्ही भागातले काही जण महापालिकेला देणार आहोत. हरिपूर रोडला पहाटे फिरायला येणारी वयस्कर मंडळी, सायकलवरची पोरं आणि गाड्या सगळे एकाच डांबरावर. जीव मुठीत धरून चालावं लागतं.

खरी अडचण पुराची आहे. आयर्विनला 40 फुटांवर इशारा पातळी, 45 ला धोका पातळी. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं, 2021 ला पुन्हा 55 च्या आसपास. म्हणजे काठावरची वाट बुडणारच, हे धरूनच ती बांधायला हवी. काही जण म्हणतात, भराव टाकून वाट उंच करा. मला ते अजिबात पटत नाही. भरावाने पात्र आवळलं की पाणी पलीकडच्या काठावरच्या सांगलवाडीच्या बाजूला जाणार, नाहीतर शेरीनाल्यातून (गावातलं सांडपाणी नदीकडे आणणारा नाला) उलटं गावात शिरणार. शिवाय निळ्या पूररेषेच्या (साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या) आत प्रवाहाला अडथळा होईल असं बांधकाम चालतही नाही.

पेव्हर ब्लॉकची गत आपण बघितलीच आहे. पूर ओसरताना खालची कच (दगडाचा बारीक चुरा) पाण्याबरोबर जाते, फटींत चिकट गाळ बसतो, आणि फावड्याने गाळ ओढायला गेलं की ब्लॉकच उचकटून येतो. मग काय घालावं? मुरूम, काँक्रीट की आणखी काही? आणि रुंदी किती मागावी? बाहेरच्या देशांत अशा सामाईक वाटेला साधारण तीन मीटर किमान धरतात. घाटाजवळ तेवढी जागाच नाही. तिथं सायकल उतरून ढकलत न्यायची सोय पुरेल का?

ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

दादा, मी रस्त्यांच्या कामात आहे. काठाला काळी माती असेल तर ती काढून मुरूम दाबून भरा, वर काँक्रीट, ठरावीक अंतरावर सांधे आणि नदीकडे हलका उतार. नदीकडच्या कडेखाली दगडी पिचिंग (उतारावर दगड रचून केलेलं अस्तर) हवंच, नाहीतर पाणी खालून माती खातं आणि स्लॅब अधांतरी राहतो. पक्कं रेलिंग टाळा, त्याला जलपर्णी आणि कचरा अडकून सगळं आडवं होतं. काढता येतील असे खांब बसवा. घाटावर पायऱ्यांच्या कडेने सायकलच्या चाकासाठी अरुंद पन्हळ करून घ्या, थोड्या खर्चात होते. जिथं तीन मीटर मिळत नाहीत तिथं सायकलला हळू जायला लावणारी वळणं ठेवा, चालणाऱ्यांचा हक्क पहिला.

पण नकाशा काढायच्या आधी काठावरच्या मळ्यांचे सात-बारा बघा. खाजगी मालकी मधे आली तर वाट तिथंच तुटते. त्या शेतकऱ्यांशी बोलणं झालंय का?

धागाकर्ता

नाही झालं अजून. या रविवारी हरिपूरला जाऊन त्यांनाच आधी भेटतो. पन्हळीचं आणि पिचिंगचं निवेदनात घालतो. तुमच्याकडे पिचिंगचा एखादा साधा आडवा छेद असेल तर इथं टाकाल का?