येझदी रोडकिंग: इंजिन न खोलता क्रँकचे ऑइल सील बदलता येतात का?

नमस्कार मंडळी, गाडी १९८६ ची येझदी रोडकिंग, माझ्या वडिलांची. आम्ही कोल्हापूरचे. आप्पा गेल्या डिसेंबरात गेले. वीसेक वर्षं उभी असलेली ही गाडी आम्ही दोघं दर रविवारी परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये खोलून बसायचो, बोअर उद्यमनगरातून करून आणला, नवीन पिस्टन-रिंगा घातल्या, आणि गणपतीत आप्पांनी इंजिन परत जोडून बंद केलं. क्रँकचे सील (क्रँकच्या दोन्ही टोकांना ऑइल आणि हवा अडवणाऱ्या रिंगा) तेवढे जुनेच ठेवले कारण तेव्हा मापाचे मिळाले नाहीत आणि जुने हाताला मऊ लागत होते. मग त्यांचं आजारपण सुरू झालं आणि गाडी तशीच राहिली.

आता मी वायरिंग, टाकी, कार्बोरेटर सगळं जोडलं आणि गेल्या रविवारी दुसऱ्या किकला सुरू झाली. ती एकच दांडी आत दाबून वर उचलायची की किक आणि खाली पाडली की गिअर, हे मला आप्पांनी नववीत असताना शिकवलेलं, पाय अजून विसरला नाही. सायलेन्सरचा तो आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

प्रॉब्लेम असा की दहा मिनिटं चालली की पांढरा धूर सुरू होतो, पेट्रोलमध्ये मिसळतो त्या टूटी ऑइलचा नाही, गिअर ऑइलचा वास येतो. पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली ऑइल घालतेय त्यामुळे मिक्स जास्त झालंय असं नाही. गिअर ऑइलची लेव्हल पण उतरलीय. आणि गरम झाल्यावर अॅक्सिलेटर सोडला तरी रेस लगेच खाली येत नाही, तशीच चढलेली राहते. कार्बोरेटरचं पॅकिंग नवीन घातलं, स्क्रू फिरवून बघितला, फरक नाही. माझ्या अंदाजाने क्लचच्या बाजूचं सील गिअर ऑइल आत ओढतंय आणि पॉइंटच्या (प्लगला ठिणगी देणाऱ्या सेटच्या) बाजूचं हवा. दोन्ही गेलेत का?

मिस्त्री म्हणतात इंजिन पूर्ण खोला, दोन भाग वेगळे करा. खोलायला लागलं तर खोलेन, पण मन होत नाही. आतलं पॅकिंग आप्पांनी शीट केसिंगवर ठेवून गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं ठोकत स्वतः कापलेलं, मी बॅटरी धरून बसलेले, आणि प्रत्येक बोल्ट आवळताना "समोरासमोरचे आवळायचे गं, एका बाजूनं जाऊ नको" असं म्हणत होते. त्यांच्या हातचं शेवटचं काम ते. म्हणून ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा, डावीकडची प्रायमरी चेन आणि क्लच काढून, उजवीकडून पॉइंटचा सेट काढून सील बाहेरून निघतात का? की बाहेरून ओढताना केसिंगला चरे पडतात? आणि दोन्ही बदलल्यावर प्रेशर टेस्ट घरी कशी करायची?

दुसरं, आरसी अजून आप्पांच्या नावावर आहे आणि मुदत कधीच संपलीय. वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ आणि रिन्यूअलला फॉर्म २५ एवढं माहितीय, पण आधी काय करायचं? एजंट म्हणतो एवढ्या जुन्या गाडीचं कशाला, स्क्रॅपला द्या. ते मी करणार नाही. कोणी महाराष्ट्रात मृत व्यक्तीच्या नावावरची जुनी गाडी स्वतः जाऊन पासिंग करून घेतली असेल तर क्रम सांगा प्लीज. आई आणि भाऊ दोघांची संमती आहे.

२०२२ ला आलेल्या नवीन येझदीचे पार्ट सुचवू नका, ते इंजिन फोर-स्ट्रोक आहे, आपल्या कामाचं नाही.

दसऱ्याला गाडी दारात उभी करून पूजा करायचीय, झेंडूची माळ आप्पा हेडलाइटला घालायचे तशीच. शुक्रवारी कामासाठी पुण्यात आहे, नाना पेठेत जाऊन सील बघणार, त्यामुळे कोणत्या मटेरियलचे घ्यावेत तेवढं गुरुवारपर्यंत कळलं तर बरं होईल. प्लगचा आणि धुराचा फोटो उद्या उजेडात काढून टाकते.