मदत हवी आहे : धामणीच्या धनुष्याच्या खालच्या भुजेतील पीळ कसा काढावा?

नमस्कार.

गेले वर्षभर मी धामणीच्या झाडाच्या एकाच फाकेतून धनुष्य घडवत आहे, आणि काम शेवटच्या टप्प्यावर आलेले असताना त्याच्या खालच्या भुजेत पीळ दिसू लागला आहे. भुजा म्हणजे मुठीपासून टोकापर्यंतचा वाकणारा भाग. तिची लक्ष्याकडची, ताणली जाणारी बाजू म्हणजे पाठ, आणि धनुर्धराकडची, दाबली जाणारी बाजू म्हणजे पोट, या अर्थाने मी पुढे हे शब्द वापरले आहेत.

लाकूड आमच्या स्वतःच्या पडीक रानातले आहे. मनगटापेक्षा थोडे जाड असे सरळ दिसणारे खोड पाचर मारून उभे फोडले, दोन्ही टोकांना मेण लावले आणि फाक अकरा महिने सावलीत वाळवली. साल काढताना तिच्यावरच्या भेगा खोडाभोवती किंचित तिरक्या गेल्याचे मला दिसले होते, पण तेव्हा मी त्याकडे लक्ष दिले नाही. लाकडाचे तंतूच पिळाचे असल्याची ती खूण होती, हे आता कळते. धनुष्याची लांबी १७० सेंटिमीटर असून भुजा मधल्या भागात साडेचार सेंटिमीटर आणि टोकाशी सव्वा सेंटिमीटर रुंद आहेत. पाठीला मी हत्यार लावलेले नाही. सालीखालचा अखंड थर तसाच ठेवून सर्व लाकूड पोटाच्या बाजूने रंध्याने आणि कानशीने काढले आहे. २६ इंच ओढीला ४० पौंड ताकद मिळावी, असा माझा बेत आहे. सध्या दोरी मुठीपासून कमी अंतरावर राहील अशी सैलसर चढवून १६ इंचांपर्यंतच ओढतो आणि तिथेच वजनकाटा ३० पौंड दाखवतो.

धनुष्य उभे धरून पोट आपल्याकडे केले, तर खालचे टोक उजवीकडे कलते आणि दोरी मुठीच्या मधोमध न जाता उजव्या कडेच्याही बाहेर पडते. मुठीवर आणि टोकावर ३० सेंटिमीटर लांबीची एकेक सरळ पट्टी बांधून मी एका पट्टीवरून दुसरीकडे नजर लावली. दोरी उतरवलेली असताना टोकाच्या पट्टीच्या दोन टोकांच्या पातळीत ३ सेंटिमीटरचा फरक दिसतो, दोरी चढवल्यावर तो ५ होतो आणि १६ इंच ओढल्यावर ७ सेंटिमीटरपर्यंत जातो. वरची भुजा मात्र निर्दोष आहे.

माझा प्रश्न असा की, हा पीळ उष्णता देऊन सोडवावा की एका बाजूचे लाकूड कमी करून? लाकूड काढायचे असेल तर कोणत्या बाजूचे? चुकीच्या बाजूचे निघाले तर ते परत येणार नाही, आणि जास्त तापवल्याने लाकूड ठिसूळ होईल अशीही भीती वाटते. या लाकडावर माझा फार जीव आहे, त्यामुळे अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद

आपण तिन्ही स्थितींतली मापे दिलीत, त्यामुळे निदान सोपे झाले. आपल्याकडे एक नाही, दोन पीळ आहेत. दोरी उतरवल्यावरही दिसणारा ३ सेंटिमीटरचा पीळ लाकडाच्या जन्माचा आहे. तेवढाच असता आणि ओढताना वाढत नसता, तर मी त्याला हातही लावला नसता. ओढीबरोबर वाढणारा उरलेला पीळ मात्र घडणीतला दोष आहे. भुजेची एक कड दुसरीपेक्षा पातळ झाली की वाकताना टोक त्या दुबळ्या कडेकडे झुकते. म्हणून लाकूड नेहमी विरुद्ध, म्हणजे सबळ कडेचे काढावे. आपल्या बाबतीत ती डावी कड असावी. तरीही दर १० सेंटिमीटरवर दोन्ही कडांची जाडी व्हर्निअरने मोजून खात्री करून घ्या. १६ इंचांवर ३० पौंड म्हणजे २६ इंचांवर पन्नासच्या पुढे, त्यामुळे काढण्यासाठी पुरेसे लाकूड आपल्या हाताशी आहे. तोपर्यंत १६ इंचांच्या पुढे ओढू नका.

नंतर टोकांवरच्या, दोरी अडकवण्याच्या खाचांकडे पाहा. दोरी डावीकडे सरकवायची असेल तर टोकाची उजवी खाच थोडी खोल करावी, म्हणजे दोरीचा फास तेवढा डावीकडे बसतो. दोरी भुजेच्या मध्यरेषेवरून सुटली की ती स्वतःच भुजेला पिळते, म्हणून हे काम लहान दिसले तरी टाळू नये.

एवढे करूनही जन्माचा पीळ नकोसा वाटला तर कोरडी उष्णता द्या. लाकूड वाळलेले असल्यामुळे वाफेची गरज नाही. पीळ जिथून सुरू होतो तो वीतभर भाग निवडून पोटाला गोडेतेल चोळा, हीट गन चार बोटे दूर धरून १५ ते २० मिनिटे सतत फिरवत ठेवा आणि उष्णता पाठीपर्यंत पोहोचली की टोकाला आडवी काठी क्लॅम्पने बांधून तिच्या आधाराने भुजा उलट दिशेला फिरवा. हवी त्यापेक्षा थोडी जास्त फिरवावी, कारण सुटल्यावर काही भाग परत येतो. पूर्ण गार होईपर्यंत क्लॅम्प सोडू नये. तापलेला भाग फार कोरडा झालेला असतो. त्याला हवेतला ओलावा परत घेऊ द्यावा आणि किमान चार दिवस दोरी चढवू नये. धनुष्ये याच घाईत मोडतात.

जाता जाता सांगतो, धामणीला संस्कृतात धन्वन म्हणतात आणि कावडीच्या दांड्यासाठीही तिला मान आहे. लवचीकपणाची काळजी करू नका.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर

मनापासून आभार. कडा मोजल्या, टोकापासून २० सेंटिमीटरवर डावी कड १३ मिलिमीटर आणि उजवी साडेअकरा निघाली. पोट गोलसर घासलेले असल्यामुळे हा फरक डोळ्यांना कधीच दिसला नव्हता. डाव्या कडेचे लाकूड तीन दिवसांत थोडे थोडे कानशीने काढले आणि प्रत्येक वेळी दोरी तीसेक वेळा अर्धी ओढून पुन्हा मोजले, कारण नव्याने काढलेल्या लाकडाचा परिणाम लगेच पूर्ण दिसत नाही, असा माझा आधीचा अनुभव आहे. आता उतरवलेल्या स्थितीत ३ आणि १६ इंच ओढीलाही ३ सेंटिमीटरच फरक राहतो. उजवी खाच दीड मिलिमीटर खोल केल्यावर दोरी मुठीच्या आतून, उजव्या कडेला लागून जाते. काटा २६ पौंड दाखवतो.

दोरी आणखी थोडी मध्याकडे यावी, असे वाटते. म्हणून मुठीपासून सुमारे ३५ सेंटिमीटरवर, जिथे पीळ सुरू होतो, तिथे रविवारी उष्णता देणार आहे. त्या जागी पोटावर शेंगदाण्याएवढी एक गाठ आहे. तापवताना ती गाठ ओल्या फडक्याने झाकावी की वीतभर वरचा भाग निवडावा, एवढे कृपया सांगावे.

प्रतिसाद

वरचा भाग निवडा. गाठीभोवतीचे तंतू वळलेले असतात आणि पिळताना तडा तिथेच जातो. फडके झाकून उष्णता अडेल, पण फिरवण्याचा जोर अडणार नाही.